गीझरचा हुकूम आयर्लंडमार्गे

घरातले दिवे, पंखे, गीझर ‘होम असिस्टंट’वर चालवणाऱ्यांचा अभिमानाचा मुद्दा एकच: सगळा कारभार आपल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर, घरातल्या घरात. पॉलस स्काउटसेनने 2013 मध्ये सुरू केलेली ही मुक्त प्रणाली त्यासाठीच लोकांना आवडते. मग घरात अलेक्सा येते आणि या अभिमानाची परीक्षा सुरू होते.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कुणी ‘अलेक्सा, टर्न ऑन द गीझर’ म्हणालं, की आवाज आधी अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवर जातो. तिथे अर्थ लावून झाला, की निरोप अ‍ॅमेझॉनच्याच ‘लॅम्डा’ या क्लाउड सेवेवर चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमकडे येतो. अलेक्साची भाषा भारतीय इंग्रजी असेल, तर हा प्रोग्रॅम अ‍ॅमेझॉनच्या आयर्लंड विभागातच ठेवावा लागतो. तिथून हुकूम परत पुण्यात. स्पीकरपासून बाथरूम असतं दहा पावलांवर!

खरी अडचण या परतीच्या वाटेवर आहे. निरोप आत यायचा तर घराला बाहेरून सापडेल असा पत्ता हवा, आणि तोही एचटीटीपीएसवाला. आपल्याकडचे अनेक ब्रॉडबँडवाले एकच सार्वजनिक आयपी पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटून देतात. सोसायटीच्या गेटवर एकच पाटी आणि फ्लॅट नंबर कुणालाच नाही, तसं. राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडा, उपयोग शून्य. स्टॅटिक आयपीसाठी जादा पैसे भरा, नाहीतर क्लाउडफ्लेअरचा टनेल टाका. तिसरा मार्ग नाबू कासा या कंपनीच्या वर्गणीचा. होम असिस्टंटच्या संस्थापकाचीच ही कंपनी. महिन्याला साडेसहा डॉलर भरले, की लॅम्डाही नको आणि टनेलही नको. लॅम्डाची जुळवाजुळव करण्यात ज्यांना मजा येते त्यांनी ती जरूर करावी. इतरांनी वर्गणी भरून रविवार वाचवावा, असं माझं मत.

जोडणी झाली, की सगळीच उपकरणं अलेक्साच्या हवाली करण्याचा मोह होतो. तो टाळावा. दिवे, पंखे, गीझर ठीक. पण मुख्य दाराचं स्मार्ट कुलूप द्यायचंच झालं, तर उघडताना पिन विचारला जाईल अशी व्यवस्था हवी. नावंही बोलायला सोपी आणि एकमेकांपासून वेगळी ठेवावीत. ‘बेडरूम लाइट’ आणि ‘बेडरूम लाइट टू’ असतील, तर अलेक्सा हमखास गोंधळते. आणि इंटरनेट गेलं, की ती मुकी होते. संध्याकाळी ठरल्या वेळी दिवे लावणारं घरातलं ऑटोमेशन मात्र चालूच राहतं.

हा आयर्लंडचा फेरा चुकवण्यासाठी होम असिस्टंटने 2023 हे ‘आवाजाचं वर्ष’ म्हणून जाहीर केलं आणि आवाज घरातच समजून घेण्याची सोय उभी केली. डिसेंबर 2024 मध्ये त्यासाठीचं स्वतःचं छोटं यंत्रही 59 डॉलरला बाजारात आणलं. मात्र बोलणं लिहून काढणारं व्हिस्पर रास्पबेरी पाय 4 वर एका वाक्याला साधारण आठ सेकंद घेतं. तेच काम इंटेलच्या छोट्या संगणकावर सेकंदाच्या आत होतं. व्हिस्परच्या भाषांमध्ये मराठी आहे, पण हलक्या मॉडेलकडून शुद्ध मराठीची अपेक्षा धरू नये. तोवर फोनवरून होम असिस्टंटला टाइप करून सांगितलेलं चालतं: एकाच ऑटोमेशनला हवी तितकी वाक्यं जोडता येतात, नातवाचं ‘गीझर लाव’ आणि आजीचं ‘बंब पेटव’सुद्धा.