कार्यालयातील सम्यक वाचा
पंचशील घेताना आपण 'मुसावादा वेरमणी' म्हणतो. पण सम्यक वाचा म्हणजे केवळ खोटे न बोलणे नव्हे. तथागतांनी खोटे, चहाडी, कठोर शब्द आणि निरर्थक बडबड या चारही गोष्टी टाळायला सांगितल्या.

ऑफिसात चहाडी सर्वांत सहज घडते. चहाच्या वेळी गैरहजर सहकाऱ्याचा विषय निघतो आणि आपणही दोन वाक्ये जोडतो.

मग गप्पच बसावे का? नाही. 'हा कोट्यातून आलाय' असा टोमणा कोणी मारला, तर तिथे मौन म्हणजे शील नव्हे. अंगुत्तर निकायात सुभाषित वाणीची पाच अंगे सांगितली आहेत: ती योग्य वेळी, सत्य, मृदू, हितकारक आणि मैत्रीभावाने बोललेली असावी. म्हणून त्याच दिवशी, समोरासमोर, आवाज न चढवता सांगावे, "आरक्षणाची तरतूद संविधानाच्या कलम १६(४) मध्ये आहे. माझ्या कामातली चूक दाखवा, जात काढू नका." तरीही थांबले नाही, तर तारीख आणि साक्षीदार नोंदवून लेखी तक्रार करावी. ही चहाडी नव्हे. चहाडी पाठीमागे फूट पाडते. तक्रारीखाली आपली सही असते.

ही पाच अंगांची कसोटी आधी आपल्याच जिभेला लावूया.