बैलाच्या शिंगाचा कर्करोग : वेळीच निदान व शस्त्रक्रिया

जोडीतील एखादा बैल वारंवार मान झटकू लागतो, शिंग खुंट्यावर घासतो व त्याच्या एका नाकपुडीतून अधूनमधून रक्त येते. उन्हाने घोळणा फुटला असावा, अशा समजुतीने पुष्कळदा याकडे दुर्लक्ष होते. पुढे शिंग एका बाजूस कलते, मुळाशी हलू लागते आणि अखेर गळून पडते. तेव्हा कोठे बैल दवाखान्यात आणला जातो. परंतु तोवर रोग कवटीच्या हाडात खोलवर पसरलेला असतो. हे नुकसान बव्हंशी टाळता येण्यासारखे आहे.

रोगाचे स्थान

शिंगाच्या कठीण कवचाखाली हाडाचा गाभा असतो. प्रौढ जनावरात हा गाभा आतून पोकळ असून ती पोकळी कपाळाच्या हाडातील पोकळीस व तेथून नाकास जोडलेली असते. याच पोकळीच्या अस्तरात कर्करोगाची वाढ सुरू होते. म्हणून शिंग बाहेरून धडधाकट दिसत असतानाच त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. हा रोग गाई व वळू यांच्यापेक्षा खच्ची केलेल्या बैलांत, विशेषतः पाच ते दहा वर्षे वयात, अधिक आढळतो. जुवाचे घर्षण, शिंगे साळणे, त्यांस वरचेवर रंग लावणे व प्रखर ऊन ही त्याची साहाय्यक कारणे मानली जातात. हा रोग एका जनावरापासून दुसऱ्यास लागत नाही.

निदान

दोन्ही शिंगांच्या मुळाशी हात लावून तुलना करावी. रोगट शिंगाचे मूळ ऊन लागते, दाबल्यास बैल अंग चोरतो व शिंगावर बोटाने ठोकले असता आवाज भरीव येतो. मात्र मार लागूनही अशी काही लक्षणे दिसतात. म्हणून शंका असल्यास पशुवैद्यक गाठीचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. यास बायॉप्सी म्हणतात. हा तुकडा सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीचा असावा व तुकड्याच्या दहापट १० टक्के फॉर्मेलिनच्या द्रावणात ठेवावा. बाटलीवर मालकाचे नाव, जनावराचे वय, शिंगाची बाजू व तारीख लिहावी. तुकडा मिठात किंवा बर्फात ठेवू नये. तपासणीस तो निरुपयोगी होतो.

शस्त्रक्रिया

बैलास गुंगीचे औषध देऊन सुरक्षितपणे पाडतात. डोळ्याचा बाहेरील कोपरा व शिंगाचे मूळ यांच्या दरम्यान, कपाळाच्या हाडाच्या कडेखालून शिंगाचा मज्जातंतू जातो. तेथे २ टक्के लिग्नोकेन टोचून शिंग बधिर करतात. मग मुळाभोवतीची कातडी कापून मागे सोडवितात, तारेच्या करवतीने शिंग कवटीलगत कापतात, रक्तवाहिन्या बांधतात व पोकळीतील रोगट मांस पूर्णपणे खरवडून काढतात. शेवटी पोकळी धुऊन कातडीचे पदर शिवतात. रोगट मांस थोडे जरी मागे राहिले तरी गाठ पुन्हा वाढते. म्हणून रोग आरंभीच हाती लागणे महत्त्वाचे आहे. आवश्यकतेनुसार पशुवैद्यक व्हिन्क्रिस्टीन हे औषधही शिरेतून देतात.

नंतरची काळजी

बैलास कोरड्या व स्वच्छ गोठ्यात बांधावे. पट्टी भिजू देऊ नये. माश्या बसून अळ्या पडू नयेत म्हणून रोज पाहणी करावी. प्रतिजैविकाची मात्रा सांगितलेले सर्व दिवस द्यावी. टाके साधारणतः दहा ते बारा दिवसांनी काढतात. जखम पूर्ण भरेपर्यंत बैल जुंपू नये. जू मानेवर येत असल्याने पुढे एका शिंगाचा बैलही औतास चालतो.

शिंगास डाग देणे, चुना किंवा फिनेल भरणे, हलणारे शिंग स्वतः ओढून काढणे हे उपाय घातक आहेत. बेंदूर-पोळ्याला शिंगे खोल साळू नयेत. त्याच वेळी प्रत्येक बैलाची शिंगे मुळाशी चाचपून पाहावीत. एका नाकपुडीतून रक्त दिसताच ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे पाठवावे. शिंग जाईल, पण बैल वाचेल.