मळक्या नोटांचा भार कोणावर?

पैसा म्हणजे हाताचा मळ, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. निरिच्छतेचा उपदेश करणारे हे वचन दहा-वीस रुपयांच्या नोटेपुरते मात्र अक्षरशः खरे ठरले आहे. मासळीबाजारातील ओला हात, कनवटीचा घाम आणि मोजताना बोटाला लावलेली थुंकी यांची पुटे अंगावर घेऊन ही नोट घरोघर फिरत असते.

भारतीय नोटेचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो. त्यामुळे तो चिवट खरा. परंतु ओलावा व तेलकटपणा शोषून घेतो आणि जंतूंना आसरा देतो. भारतीय नोटांची जनुकीय तपासणी करणारा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७८ रोगकारक सूक्ष्मजीवांच्या खुणा आढळल्या. प्रतिजैविकांना दाद न देण्याची शक्ती पुरविणारी ७८ जनुकेही सापडली आणि त्यांपैकी १८ सर्वच नमुन्यांत होती. जनुकीय खूण मिळाली म्हणजे जंतू जिवंत असतोच असे नव्हे. तेव्हा भयभीत होण्याचे कारण नाही. तथापि, ज्या हाताने नोट घ्यायची त्याच हाताने भेळ कालवून द्यायची, या प्रघाताकडे दुर्लक्ष करणेही शहाणपणाचे नाही.

या प्रश्नाची आरोग्याइतकीच महत्त्वाची बाजू अर्थशास्त्राची आहे. रिझर्व्ह बँकेने १९९९ मध्ये 'स्वच्छ नोट धोरण' जाहीर केले. नोटांच्या पुडक्यांना तारेच्या टाचण्या मारण्याची बँकांची प्रथा २००१ मध्ये बंद करण्यात आली. मळक्या नोटा बदलून देणे प्रत्येक बँकशाखेवर बंधनकारक आहे. नियम असे स्पष्ट असताना बाजारात मळक्या नोटा राहतात कशा?

याचे उत्तर खर्चाच्या हिशेबात आहे. दहाच्या शंभर नोटा मोजण्यास, निवडण्यास व वाहून नेण्यास जेवढे श्रम पडतात, तेवढेच पाचशेच्या शंभर नोटांना पडतात. मूल्य मात्र पन्नासाव्या हिश्शाचे. साहजिकच लहान नोटांबाबत शाखेला उत्साह नसतो. दुसरीकडे, हाती आलेली कोरी नोट जपून ठेवावी आणि मळकी आधी खपवावी, ही मनुष्याची वृत्ती. वाईट चलन चांगल्या चलनाला हुसकावते, हा ग्रेशॅमचा सिद्धांत धातूच्या नाण्यांविषयीचा. येथे तो निराळ्या रूपाने प्रत्ययास येतो. परिणामी सर्वांत घाणेरडी नोट अखेर भाजीवाली, हमाल आणि रोजंदारीवरील मजूर यांच्याकडे साचते. नोट बदलून घेण्यासाठी रांगेत उभे राहायचे, तर त्यांचा अर्धा दिवस बुडतो.

उपाय नाहीत असे नाही. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये प्लॅस्टिकची नोट काढली. ती ओलावा शोषत नाही आणि पुसता येते. भारतातही पाच शहरांत दहा रुपयांच्या अशा नोटांची चाचणी घेण्याचे ठरले होते, परंतु त्या नोटा रुळल्या नाहीत. पुढे शंभराच्या नोटेवर वॉर्निशचा थर देण्याचा प्रयोग जाहीर झाला. वास्तविक सर्वाधिक झीज दहाच्या नोटेची होते; प्रयोगाचा पहिला मान तिचा होता. दहा रुपयांचे नाणे हा तर तयार असलेला पर्याय. अफवांपायी लोक ते नाकारू लागले, तेव्हा त्याचे चौदाही नमुने वैध असल्याचा खुलासा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये करावा लागला. असे खुलासे बाजारपेठेच्या फलकांवर लागले पाहिजेत.

मोबाइलवरून पैसे देण्याची सोय वाढल्याने रोख व्यवहार कमी झाले, हे खरे. पण जे अद्याप रोखीवरच जगतात, त्यांच्यासाठी बँकांनी आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारातच बसून मळक्या नोटा घ्याव्यात आणि बदल्यात नाणी व नव्या नोटा द्याव्यात. त्याचा खर्च बँकांनी सेवा म्हणून सोसावा. चलन ही सार्वजनिक वस्तू आहे. तिच्या स्वच्छतेचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकणे न्याय्य नव्हे.