खंड पडलेल्यांचं कॉलेज

क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया

शिक्षणात खंड पडला असेल तर आपल्याकडे पुन्हा प्रवेश घेताना गॅप सर्टिफिकेट लागतं. नाशिकला सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या आसपास टायपिंगवाले बसतात, त्यांच्याकडे मजकूर तयारच असतो. मधल्या काळात मी दुसऱ्या कुठल्याही महाविद्यालयात प्रवेश घेतला नव्हता, कुठल्याही गैरप्रकारात माझा सहभाग नव्हता, वगैरे. बाईनं पोरं वाढवली, सासूचं आजारपण काढलं, नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरली, तरी स्टॅम्प पेपरवर तिनं लिहून द्यायचं काय, तर मी काही गैर केलं नाही.

इथल्या डी अँझा कॉलेजचा प्रवेश अर्ज भरताना मी तो रकाना शोधत होते. नव्हताच. वय अठरा पूर्ण आहे का, किंवा शाळा संपली आहे का, एवढं विचारलं. बी.कॉम.ला किती टक्के होते, मधली वर्षं कुठं गेली, आत्ताच का शिकायचंय, यातलं काहीही नाही. एका गोष्टीची मात्र कसून चौकशी झाली. कॅलिफोर्नियात किती दिवस राहता आणि त्याचा पुरावा काय? त्याचं कारण पुढं सांगते.

या कॉलेजांना अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणतात. दोन वर्षांपर्यंतचं शिक्षण, खर्च लोकांच्या करातून. यातलं पहिलं सरकारी कॉलेज १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात निघालं, तेही हायस्कूलच्या आधारानं. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांना शिकवायचा प्रश्न आला, आणि १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगानं सांगितलं की अशी कॉलेजं गावोगाव काढा. आज देशभरात ती हजाराच्या आसपास आहेत, एकट्या कॅलिफोर्नियात ११६. इथं १९८४ पर्यंत राज्यातल्या रहिवाशाला फी जवळजवळ नव्हतीच. आता डी अँझामध्ये एका युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, ३१ डॉलर पडतात. डेटाबेसचा साडेचार युनिटांचा एक विषय म्हणजे १४० डॉलरांना अर्धा डॉलर कमी, वर किरकोळ शुल्कं. आपले बारा हजारांच्या घरात. पुण्या-मुंबईतले खासगी क्लासवाले याहून जास्त घेतात आणि वर प्लेसमेंटची थाप मारतात.

पण हा दर रहिवाशांसाठी. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा पुरावा दिला तरच. नाहीतर फी कितीतरी पटीनं वाढते. कर भरणाऱ्यानं आधी भरायचा आणि मग शिकायचं, असा सरळ हिशेब आहे. आमच्यासारख्या एच-फोरवाल्या बायकांना (नवरा एच-वन-बी व्हिसावर, आपण त्याच्या मागे) हा नियम सोयीचा पडतो. एच-फोरवर नोकरी करता येत नाही, शिकता मात्र येतं, त्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. २०१५ च्या मे महिन्यापासून काही जणींना काम करायचीही परवानगी मिळते, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत गेलेला असेल तरच. तोवर बसून काय करायचं? इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकीनं एखादा तरी वर्ग केलेला असतो. कुणी अकाउंटिंग, कुणी बालवाडीशिक्षिकेचा, आणि निम्म्या जणींनी माझ्यासारखा एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसचा.

माझ्या वर्गाचं वय सांगायचं तर सोळा ते साठीपार. सोळा वर्षांचा मुलगा अजून हायस्कूलमध्ये आहे, कॉलेजचे विषय आत्ताच उरकतोय. त्याच्या शेजारी बसतात ते गृहस्थ अमेरिकी नौदलात भांडारपाल होते, आता निवृत्त. रात्रपाळी करून येणारी नर्स आहे, नोकरी गेलेला इंजिनिअर आहे. मास्तरांना पहिल्या नावानं हाक मारतात, हे मला अजून जमत नाही, मी 'प्रोफेसर' म्हणते. कुणी कुणाला 'तू या वयात इथं कसा?' असं विचारत नाही. ते सौजन्य आहे की अमेरिकी बेफिकिरी, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण परिणाम चांगला होतो.

डेटाबेसचा विषय सिलिकॉन व्हॅलीच्या या खोऱ्यात शिकायला एक वेगळी मजा आहे, कारण तो इथलाच. शेजारच्या सॅन होजेमध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत एडगर कॉड नावाचे इंग्रज गणिती होते, युद्धात विमान उडवलेले. त्यांनी १९७० साली एक निबंध छापला. माहिती नुसत्या तक्त्यांमध्ये ठेवा, ती मशीनमध्ये कुठं आणि कशी साठवली आहे याची वापरणाऱ्याला फिकीर नको, असा त्याचा गाभा. तोवर माहिती झाडासारखी, फांदीला फांदी जोडून ठेवत. आयबीएमची आयएमएस नावाची तशी प्रणाली होती. चंद्रावर जाणाऱ्या अपोलोच्या रॉकेटाच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळायच्या गरजेतून ती जन्मली, आणि तिच्यावर कंपनीचा धंदा चांगला चालला होता. चालत्या धंद्याला कॉड यांनी खीळ घातली असती, म्हणून त्यांच्याच कंपनीनं हात आखडता घेतला. चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी १९७४ मध्ये त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा मांडली, तीच पुढं एसक्यूएल झाली. आणि १९७७ साली लॅरी एलिसन आणि दोन साथीदारांनी इथंच सांता क्लारामध्ये छोटी कंपनी काढून, छापलेले ते निबंध वाचून माल बाजारात आणला. ती आजची ओरॅकल. पहिल्याच आवृत्तीला त्यांनी दोन नंबर दिला, कारण पहिली आवृत्ती कुणी विकत घेत नाही. धंदा असा करतात!

कॉड यांचा निबंध छापला गेला त्याच १९७० साली नाशिकजवळच्या एकलहऱ्यात औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. माझे वडील नंतर तिथं भांडार विभागात लागले. आम्ही केंद्राला थर्मल म्हणायचो, अजूनही म्हणतो. ते पहिले १४० मेगावॅटचे दोन संच कधीच मोडीत निघाले, २१० चे तीन चालतात, आणि ६६० च्या नव्या संचाची चर्चा आम्ही गावात किती वर्षं ऐकतोय. वडिलांच्या रजिस्टरचा उल्लेख केल्याशिवाय मात्र मला नॉर्मलायझेशन, म्हणजे तक्ते वेगळे करायची डेटाबेसमधली रीत, समजावून सांगता येणार नाही.

भांडारातलं ते लांबलचक रजिस्टर. एका ओळीत बेअरिंगचा सांकेतिक क्रमांक, नाव, नग, आवक, जावक, शिल्लक, आणि पुरवठादाराचं नाव-पत्ता. मालाची नोंद आली की पुरवठादाराचा पत्ता दर वेळी पुन्हा लिहायचा. एक पुरवठादार सातपूरहून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गेला. नव्या ओळींवर अंबड आलं, जुन्या ओळींवर सातपूरच राहिलं. पुढं कुणीतरी जुनी ओळ बघून पत्र पाठवलं, ते परत आलं. वडील घरी येऊन वैतागले होते ते मला आठवतं. आणखी एक भानगड. एखाद्या पुरवठादाराकडून एकच वस्तू येत असेल आणि ती ओळ रद्द केली, तर तो पुरवठादारही रजिस्टरमधून नाहीसा व्हायचा, जणू तो कधी नव्हताच. डेटाबेसच्या पुस्तकात या दोन्हींना नावं आहेत, अपडेट अॅनॉमली आणि डिलीट अॅनॉमली. उपाय असा की पुरवठादारांचा तक्ता वेगळा करायचा, प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा आणि मालाच्या तक्त्यात फक्त तो क्रमांक लिहायचा. पत्ता एकाच जागी राहतो, बदलला तर एकाच जागी बदलायचा.

गटप्रकल्पासाठी मी हेच भांडार सुचवलं. सोळा वर्षांच्या मुलाला पिझ्झाचं दुकान हवं होतं. नौदलवाले मात्र खूश झाले. मी कागदावर बिन कार्ड काढून दाखवलं, म्हणजे फडताळावरच्या प्रत्येक खणाला अडकवलेलं ते कार्ड, ज्यावर हातानं आवक-जावक चढवतात. जहाजावर त्यांच्याकडेही तसंच असायचं, नाव तेवढं वेगळं. कार्डावरची शिल्लक, रजिस्टरमधली शिल्लक आणि खणातला प्रत्यक्ष माल या तिन्ही गोष्टी कधीच जुळत नाहीत, यावर आमचं दोघांचं लगेच एकमत झालं. मग आम्ही आवक-जावकीचा एकच व्यवहार तक्ता ठेवला आणि शिल्लक कुठंही लिहिलीच नाही, ती दर वेळी बेरीज करून काढायची. मास्तरांनी त्यावर शाबासकी दिली. पिझ्झावाला मुलगा म्हणाला, मोठ्या गोदामात हे हळू चालेल. तेही खरंच.

वर्गात माझं खरं वजन वाढलं ते मात्र सत्राच्या दुसऱ्याच दिवशीच्या एका प्रश्नानं. विद्यार्थ्यांच्या तक्त्यात प्रायमरी की कुठली घ्याल, म्हणजे प्रत्येक विद्यार्थी निःसंशय वेगळा कशानं ओळखाल? कुणीतरी म्हणालं, पूर्ण नाव आणि जन्मतारीख. मी हात वर केला. आमच्याकडे लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं, एवढं त्यांना कळलं. मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं, हे सांगितल्यावर भुवया उंचावल्या. आणि काही घरांत ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं पहिलं नावही लिहितात, हे सांगितल्यावर नर्स म्हणाली, म्हणजे उरतं काय? जन्मतारीख, मी म्हटलं. आमच्या आधीच्या पिढीत शाळेच्या मास्तरांनी सर्रास एक जून लिहिलेली असायची. वर्ग हसला. मास्तरांनी फळ्यावर नाव खोडून नुसता क्रमांक लिहिला. माझ्या गुणपत्रिकेवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, आणि दोन्ही मीच असल्याचा दाखला मिळवायला मी इथं किती खेटे घातले त्याची कथा पुन्हा केव्हातरी.

रिकाम्या रकान्याचा धडाही मला आवडला. एसक्यूएलमध्ये रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे आणि 'नाही'ही नव्हे, माहीत नाही एवढंच. दोन रिकाम्या जागा एकमेकींच्या बरोबर आहेत का विचारलं तर उत्तर 'हो' येत नाही, 'नाही'ही येत नाही. सीबीएसच्या टायपिंगवाल्याला हे कुणीतरी शिकवायला हवं.

आता दुसरी बाजू. इथं प्रवेश सोपा आहे, बाहेर पडणं नाही. देशभरात कम्युनिटी कॉलेजात आलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोक सहा वर्षांतही काही पदवी किंवा प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात. आमच्याच वर्गातल्या खुर्च्या चौथ्या आठवड्यापासून रिकाम्या होत गेल्या. कुणाची पाळी बदलली, कुणाची गाडी बिघडली, कुणाचं भाडं वाढलं. आणि शिकवणाऱ्यांतले बरेच अर्धवेळ. राज्याचा नियम असा की अर्धवेळ शिक्षकाला एका कॉलेज-जिल्ह्यात पूर्णवेळाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही. मग तो सकाळी एका जिल्ह्यात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्यात, मधला वेळ महामार्गावर. यांना इथं फ्रीवे फ्लायर म्हणतात. तासिका तत्त्वावरच्या आपल्या प्राध्यापकांना हे वेगळं सांगायला नको. श्रीमंत राज्यानं स्वस्त कॉलेज चालवलंय, त्यातला एक वाटा या माणसांच्या खिशातून जातो.

आपल्याकडे असं काहीच नाही, असंही नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून खुद्द नाशकात आहे. बारावी न झालेल्याला पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीला बसता येतं. एमएस-सीआयटीनं २००१ नंतर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत माउस पोहोचवला, निदान सरकारी नोकरांच्या तरी वेतनवाढीशी तो अभ्यासक्रम जोडला गेला. दार आपल्याकडेही उघडं आहे. पण 'मुक्तमधून केलंय' हे आपण आवाज खाली आणून सांगतो. डी अँझामध्ये अॅपलचा स्टीव्ह वॉझ्नियॅक काही काळ शिकला, तिथल्याच फ्लिंट सेंटरच्या रंगमंचावर २४ जानेवारी १९८४ ला मॅकिंटॉश पहिल्यांदा लोकांना दाखवला, आणि हे लोक ते मोठ्या आवाजात सांगतात. फरक दाराचा कमी आणि आवाजाचा जास्त.

दोन-तीन घरांतून विचारणा झाली, मुलाला बारावीनंतर थेट इथल्या कम्युनिटी कॉलेजला पाठवलं तर स्वस्तात अमेरिका होईल का? विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला ३१ डॉलरचा दर लागू नाही, त्याला परराज्य-परदेशाची फी पडते, तरी चार वर्षांच्या विद्यापीठापेक्षा ती कमीच. दोन वर्षांनी बदली घेऊन विद्यापीठात जाता येतं, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा शाखा ठरावीक गुण मिळवणाऱ्याला प्रवेशाची हमी देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत, हे एजंट सांगणार नाही. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना वसतिगृह नसतं, या खोऱ्यात तर एका खोलीचं भाडं फीच्या वर जातं, आणि कॉलेजबाहेर नोकरी करून ते भागवायची मुभा विद्यार्थी व्हिसा देत नाही. मुलगा शिस्तीचा असेल, स्वयंपाक येत असेल आणि नातेवाइकांकडे राहायची सोय असेल तर विचार करा. नसेल तर आधी नाशकातच बी.सी.ए. करू द्या.