पुडी एकाची, राखरांगोळी घराची

रविवारी सकाळी विहारातील वंदना आटोपली आणि लोक पांगले. मी वर्गणीची वही आवरत होतो. आमच्याच गल्लीतील एक ताई मागे रेंगाळल्या होत्या. जवळ येऊन त्यांनी विचारले, "भाऊ, घरातला गॅसचा सिलिंडर गेला तर पोलिसांत कळवावं का?"

"कळवायलाच पाहिजे," मी म्हणालो.

त्यांनी पदर तोंडाला लावला. "चोर घरातलाच हाय, भाऊ."

चोर म्हणजे त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा. आयटीआयचा फिटर. लहानपणी भीमजयंतीच्या भाषणात पहिला आलेला. आता गर्दच्या पुडीमागे लागलेला.

मी पेशाने कारकून. दुःखाचाही हिशेब मांडून पाहण्याची मला खोड आहे. त्या दिवशी ताईंच्या समोर बसून मी तो कागदावर मांडला. रोजची पुडी साधारण ३०० रुपयांची. महिन्याचे झाले ९,००० रुपये. आठ महिन्यांचे ७२,००० रुपये. ताई चार घरची धुणीभांडी करतात. एवढा पैसा आला कुठून? तांब्याचे दोन हंडे गेले, बापाची सायकल गेली, धाकटीचे पैंजण गेले, बचत गटाचे कर्ज डोक्यावर बसले. बारावीतल्या मुलीचा क्लास बंद झाला तो वेगळाच. शेवटी मी विचारले, "तुम्हाला कधी कळलं?" त्या म्हणाल्या, "दुसऱ्या महिन्यातच. पण लोक काय म्हणतील म्हनून गप बसले."

बंधू-भगिनींनो, म्हणजे सहा महिने आणि ५४,००० रुपये त्या घराने केवळ अब्रूच्या भीतीपायी गमावले. हा लेख त्या गप्प बसण्याबद्दल आहे.

गर्द म्हणजे काय?

गर्द किंवा ब्राऊन शुगर हे भेसळयुक्त हेरॉईन असते. अफूपासून मॉर्फिन आणि मॉर्फिनपासून हेरॉईन तयार होते. १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून हे विष पसरले आणि 'गर्दुल्ला' हा नवा शब्द मराठीत आला. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा झाला. १९८६ साली डॉ. सुनंदा (अनिता) अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्याला पु. ल. देशपांडे यांनी आर्थिक हातभार लावला.

गर्द अजून गेलेली नाही आणि तिला नवी भावंडे मिळाली आहेत. 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन ही पावडर २०१५ साली या कायद्याखाली आणावी लागली. खोकल्याची कोडीनयुक्त औषधे आणि झोपेच्या गोळ्या आहेत. लहान पोरांच्या हाती सोल्युशन आणि व्हाइटनर आहे. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार अफूवर्गीय पदार्थांच्या सेवनामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक आपल्या देशात आहेत. हुंगण्याच्या नशेत तर मुलांचे प्रमाण मोठ्या माणसांपेक्षाही जास्त आढळले.

मुलगा चोर का होतो?

पहिली पुडी मित्र फुकट देतो. थोड्या दिवसांत शरीराला तिची सवय जडते आणि तेवढ्याच नशेसाठी जास्त माल लागतो. माल मिळाला नाही, तर काही तासांतच 'टर्की' सुरू होते. नाक-डोळे गळतात, जांभया येतात, हाडे ठणकतात, पोटात पिळा पडतो, जुलाब होतात, झोप उडते. दोन-तीन दिवस हा त्रास शिगेला पोहोचतो. अशा वेळी तो मौजेसाठी पुडी घेत नाही, तर यातना थांबवण्यासाठी घेतो. आईचे पैंजण त्याला पैंजण दिसत नाही, पुडी दिसते.

म्हणून डॉक्टर व्यसनाला आजार म्हणतात. याचा अर्थ त्याची चोरी माफ करावी असा नाही. पण आजारावर इलाज असतो आणि तो नुसत्या शपथांनी होत नाही, हे घरच्यांनी समजून घेतले पाहिजे.

तीन चुकीचे इलाज

पहिला इलाज लग्नाचा. "बायको आली की सुधारेल" म्हणून एका निरपराध मुलीला आगीत लोटायचे. दुसरा देवऋषाचा. बाबासाहेबांच्या लेकरांनी अंगारे-धुपारे केव्हाच सोडले म्हणतात, पण मुलगा हातचा जाऊ लागला की काही आया चोरून तिकडे जातातच. तिसरा कोंडून मारण्याचा. आमच्या ताईंनी आधी मुलाला एका खाजगी केंद्रात ठेवले होते. व्याजाने पैसे काढून फी भरली आणि मुलगा पाठीवर वळ घेऊन परत आला. म्हणून केंद्र निवडताना तिथे डॉक्टर आहे का, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी पाहावे.

दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचे जुने व्यसन घरच्या घरी एकदम तोडू नये. त्यात फिट येऊन माणूस दगावू शकतो. गर्दच्या बाबतीत दुसरा धोका आहे. काही आठवडे बंद ठेवून माणूस पुन्हा जुन्याच मात्रेत घेऊ लागला, तर शरीर ती पेलत नाही, श्वास थांबतो. बरी होऊन आलेली किती मुले अशीच गेली! सुई वाटून घेणाऱ्यांना एचआयव्ही आणि काविळीची लागण होते ती वेगळीच.

मग काय करावे? सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पोलिसांच्या धाकाने लपवू नये. कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याच्या प्रकरणात, स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण आहे. पण त्याने उपचार पूर्ण केले पाहिजेत. माल विकणाऱ्याला मात्र दया नाही. पाव किलोपेक्षा जास्त हेरॉईन म्हणजे व्यापारी प्रमाण, त्याला १० ते २० वर्षांची सक्तमजुरी आहे. आपली पोरे दोनशे रुपयांसाठी कुणाची पुडकी पोहोचवतात, याकडे म्हणूनच डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. माल मोठ्यांचा असतो आणि बेड्या आपल्या पोरांना पडतात.

पाचवे शील काय सांगते?

आपण दर रविवारी पंचशील म्हणतो. पाचवे शील केवळ दारूबद्दल आहे, असे समजून गर्द आणि गोळ्या मोकळ्या सोडता येत नाहीत. त्या शीलात 'प्रमाद' हा शब्द आहे. ज्याने माणसाची जागृती हरपते, ते सर्व त्यात आले. मादक पेये आणि आरोग्याला घातक असे मादक पदार्थ यांच्या सेवनाला बंदी घालण्याचा प्रयत्न शासनाने करावा, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. शासनाचे काम शासनाकडून करून घेऊच. पण जयंतीच्या रात्री मिरवणुकीमागे बाटल्या फोडणाऱ्यांना आपण कोणत्या तोंडाने गर्दुल्ल्यांना नावे ठेवू देतो?

ताईंचा मुलगा पुढे सरकारी रुग्णालयात दाखल झाला. बाहेर आल्यावर तिसऱ्या महिन्यात एकदा घसरला. ताई या वेळी गप्प बसल्या नाहीत, त्याच रात्री माझ्याकडे आल्या आणि सकाळी आम्ही त्याला पुन्हा डॉक्टरांकडे नेले. आता अकरा महिने झाले. तो एका गॅरेजवर कामाला जातो. जयंतीच्या बैठकीत त्याने विचारले, "मला काही काम द्याल?" कोणीतरी पुटपुटले, "गल्ल्यावर नको बसवू याला." ते चूकही नव्हते. अजून मोह टाळणेच बरे. आम्ही त्याला पाणपोईवर उभे केले. दिवसभर त्याने लोकांना पाणी दिले. काही जणांनी त्याच्या हातचे पाणी घेणे टाळले, हेही मी पाहिले.

ज्या समाजाला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातील माणसाने आजारातून उठलेल्या आपल्याच लेकराचे पाणी नाकारावे?

माता-भगिनींनो, तुमच्या घरात असे काही घडत असेल तर आजच बोला. आईपाशी, बहिणीपाशी, विहारातील एखाद्या जाणत्या माणसापाशी बोला. आणि शेजारच्या घरातून असा आवाज आला तर कुजबुज करू नका, दार ठोठावून विचारपूस करा. अब्रू पुन्हा कमावता येते, गेलेले लेकरू परत येत नाही.

जय भीम!