नगरचे शाहू मोडक

ज्या नगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं, नेवाशास, शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यानें पुढें साडेसहाशें वर्षांनीं रुपेरी पडद्यावरील ज्ञानेश्वरहि दिला. आणि तो नट ख्रिस्ती होता, हें आमच्या पुष्कळ वाचकांस आज ठाऊक नसेल.

शाहू मोडक यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजीं नगरास झाला. (शहराचें नांव आतां अहिल्यानगर झालें असलें, तरी आमच्यासारख्या जुन्या माणसांच्या तोंडीं 'नगर'च बसलें आहे.) अमेरिकन मराठी मिशनचें हें मोठें ठाणें, रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई येथेंच राहिलीं, आणि टिळकांनीं ख्रिस्तभक्तीस अभंग-ओवीचा पोषाख दिला.

बालपणींच मोडकांचें पाऊल रंगभूमीवर पडलें. १९३२ सालीं भालजी पेंढारकरांनीं 'श्यामसुंदर' या बोलपटांत चौदा वर्षांच्या या मुलास कृष्ण केलें. शांता आपटे यांचाहि तो पहिलाच बोलपट. मुंबईस तो पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. पुढल्याच सालीं 'औट घटकेचा राजा'मध्यें मोडकांनीं दोन भूमिका एकट्यानें केल्या. कृष्ण मात्र त्यांस कधीं सुटला नाहीं. एकंदर २९ वेळां त्यांनीं तें मोरपीस धारण केलें.

आमच्या मतें त्यांचें खरें सामर्थ्य 'प्रभात'च्या दोन बोलपटांत दिसतें. १९३९ च्या 'माणूस'मध्यें व्ही. शांताराम यांनीं देव्हाऱ्यांतल्या या देवास पोलिसाचा गणवेश चढविला. गणपत शिपायाचें मैनेवर मन जडतें, तो तिला आईच्या घरीं नेतो. ती स्वतःस त्या सोज्वळ घरास अपात्र समजून निघून जाते. शांता हुबळीकरांची मैना लोकांच्या ध्यानांत अधिक राहिली, आणि तें योग्यच झालें; परंतु समोर असा भाबडा, सरळ गणपत नसता, तर तिचें दुःख इतकें खोल कोणास दिसलें असतें?

त्यानंतर १९४० सालीं दामले-फत्तेलाल यांचा 'संत ज्ञानेश्वर'. ज्ञानेश्वरांनीं एकविसाव्या वर्षीं समाधि घेतली. मोडकांचेंहि वय त्या वेळीं जवळजवळ तितकेंच. भिंत चालली तें कॅमेऱ्याचें कसब. पण भिंतीवरील त्या मुखावर चमत्काराचा लेशमात्र गर्व नाहीं, तें मात्र नटाचें. संन्याशाचीं पोरें म्हणून ज्या चार भावंडांस आमच्याच पूर्वजांनीं वाळींत टाकिलें, मुंजीचा अधिकार नाकारिला, त्यांतील एकाचें रूप या ख्रिस्ती तरुणानें घेतलें. वाळींत टाकिलेल्याचें दुःख दाखवावयास सोवळ्यांतलाच नट हवा होता, असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं तो बोलपट पुनः एकदां पाहावा.

१९४२ च्या 'भरतमिलाप'मध्यें ते भरत झाले. उत्तरायुष्यांत त्यांनीं ज्योतिषाचा व्यासंग केला. ११ मे १९९३ रोजीं, पंचाहत्तर वर्षें नुकतींच पुरीं होऊन, ते निवर्तले. त्यांचें चरित्र त्यांच्या पत्नी प्रतिभाताईंनीं लिहिलें आहे.