दोन घासांत भरलेलं पोट

सकाळी साडेसात. शटर उघडायच्या आत पायरीवर पाच-सहा जण बसलेले असतात. कापूस वेचणीचे दिवस आहेत, वरवट बकालची माणसं शेतात जायच्या आधी दवाखाना उरकून घेतात. ताप, गुडघे, आणि सगळ्यांत जास्त ‘अ‍ॅसिडिटी’. या शब्दाची मला अलीकडे धास्ती वाटते.

साडेनऊ. चाळिशीची एक ताई आली, हातात अकोल्याहून आणलेली रिपोर्टांची पिशवी. दीड महिन्यापूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली होती, “डाक्टरसाहेब, दोन घास खाल्ले का पोट भरल्यावाणी लागते.” आधी कुठेतरी दुर्बिणीची तपासणी झालेली, तपासायला घेतलेला तुकडाही ‘नॉर्मल’. पण तिच्या हिरव्या बांगड्या मनगटावर ठरत नव्हत्या, हात उचलला की कोपराकडे घसरत. त्या बांगड्या बघूनच मी तिला पुन्हा तपासायला धाडलं.

आजच्या कागदावर निदान आहे: लिनायटिस प्लास्टिका. जठराच्या कर्करोगाचा हा विरळ प्रकार. यात गाठ किंवा व्रण दिसेलच असं नाही. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन हरवतं, त्या सुट्या होतात आणि आतल्या अस्तराखालून भिंतीत पसरत जातात. भिंत जाड, ताठ होते. ताणलं जाणारं जठर चामड्याच्या पखालीसारखं होऊन बसतं. मग दोन घासांना जागा कुठून येणार? वरच्यावर घेतलेल्या तुकड्यात रोग सापडत नाही तो याच कारणानं. खोलवरचे तुकडे घ्यावे लागतात, सीटी स्कॅनवर भिंतीची जाडी पाहावी लागते. तिच्या तुकड्यात अंगठीसारख्या पेशी दिसल्या: आत चिकट द्रव साठतो, केंद्रक कडेला ढकललं जातं, जणू अंगठीचा खडा.

साडेदहा. तिचा नवरा विचारतो, “खाऱ्या पाण्यानं झालं का हे?” खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याच्या तोंडी हाच प्रश्न आधी येणार. मी सांगितलं, दादा, याचा दोष पाण्याला देता येणार नाही, आणि तिच्या खाण्याला तर नाहीच. काही मोजक्या घराण्यांत हा रोग वारशानं येतो. न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात 1998 साली त्याचं जनुक सापडलं. म्हणून माहेरी कुणाला पोटाचा कर्करोग झाला होता का, ते विचारलं. नाही म्हणाली.

पुढचं बोलणं अवघड होतं. हाच रोग अस्तरातच सापडला तर शस्त्रक्रियेनंतर दहांतले नऊहून जास्त रुग्ण पाच वर्षांपुढे जगतात. पण भिंत ताठ झाल्यावर बहुतेकदा तो पोटाच्या पडद्यावर सांडलेला असतो, कधी बायकांच्या अंडाशयावरही. तेव्हा पूर्ण बरं होणं दुर्मीळ. सीटीत पडद्यावरचे बारीक कण दिसत नाहीत, म्हणून मुंबईला पाठवतोय, तिथं आधी पोटात दुर्बीण घालून पाहतील. पडदा स्वच्छ असला तर केमो, मग अख्खं जठर काढणं. नसला तर केमोनं रोग रोखून धरायचा. खोटा धीर मी दिला नाही. तिनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, “पोरीच्या बारावीपर्यंत?” मला उत्तर देता आलं नाही. तिचा हात धरून बसलो.

दुपार फोनांत गेली. फुले जन आरोग्य योजनेसाठी आधार, रेशन कार्ड. परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेची चौकशी. आपल्या वऱ्हाडातल्या बाबांच्या नावानं तिथं कर्करोगाच्या माणसांना आसरा मिळतो.

पाच ते सात पुन्हा ओपीडी. ‘अ‍ॅसिडिटी’वाले चौघे. चौघांनाही विचारलं: किती घास जातात, वजन उतरलं का, कपडे सैल झाले का? एकाचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. त्याला गोळ्या दिल्या नाहीत, तपासणीची चिठ्ठी दिली.

रात्री साडेनऊ. शेगाव स्टेशनवरून तिच्या नवऱ्याचा फोन. गाडी यायचीय. मी थोडं थोडं, मऊ, दिवसातून सहा वेळा खायला सांगितलं होतं, म्हणून लेकीनं डब्यात ज्वारीच्या कण्या दिल्यात.

“चार चमचे खाल्ल्या तिनं,” तो म्हणाला.